सतरा नंबरचं पान

नाथाजीराव,

हे पत्र तुम्हाला आहे, पण छापून येणार आहे. जयराजच्या कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून तो अंक काढतोय आणि तुमच्यावर मी लिहावं असा त्याचा आग्रह आहे. ‘मॅडम, तुम्ही नाथाजीकाकांना सगळ्यात जवळून पाहिलंय,’ म्हणाला. पाहिलंय कसलं, भांडलेय. यातलं पुष्कळसं तुम्हाला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांना तुम्ही ठाऊक नाही, तेव्हा सांगावं लागणार. कंटाळा आला तर पानं उलटा. शेवट मात्र वाचा.

तर नाथाजी मोहिते कडेगाव तालुक्यातले. घरचा ऊस. बारावी होऊन फौजेत गेले, चोवीस वर्षांनी हवालदार म्हणून परत आले. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’च म्हणतं, तसे तेही मेजर. निम्मी नोकरी पलटणीच्या ऑफिसात गेली, आलेल्या-गेलेल्या डाकेची नोंद ठेवण्यात. एकदा तिथे नवीन साहेब आला आणि त्याने सगळ्या फायलींचे नंबर बदलले. तुमचा रजेचा अर्ज जुन्या आणि नव्या नंबरांच्या मध्ये कुठेतरी राहिला. प्रांजल, म्हणजे तुमची मुलगी, तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि तुम्हाला बघून तिने भोकाड पसरलं. हे तुम्ही मला सांगितलंत ते हसत सांगितलंत. मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

विश्रामबागेत जयराजच्या ऑफिसात तुम्ही आलात ते वॉचमन म्हणून. कंपनीचं काम दूध संकलन केंद्रांचं. केंद्रावर दुधातलं फॅट मोजायचं मशीन असतं; ते मशीन आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर ही मंडळी पुरवतात. मशीन अडतं ते सकाळी सहाला, म्हणजे ऑफिसात कुणीच नसतं तेव्हा. म्हणून जयराजने इंटरनेटवर मदतीची पानं ठेवायला सुरुवात केली. एका अडचणीला एक पान: मशीनवर अमुक आकडा दिसला तर तमुक करा. कल्पना चांगली, अंमल भोंगळ. एका फाईलचं नाव ‘फायनल’, दुसरीचं ‘फायनल दोन’, तिसरीचं ‘नवीन फायनल जयराज सर’. कोरेगावच्या एका केंद्राला मागच्या वर्षीचं पान गेलं आणि त्यांनी मशीन चुकीच्या द्रावाने धुतलं. ऑफिसात एकमेकांवर ओरडाआरडा चालला होता. तुम्ही स्टीलचा पेला घेऊन चहासाठी आत आला होता.

‘साहेब, एक बोलू? रागावू नका,’ तुम्ही म्हणालात. ‘कागदाला नाव देताय, म्हणून घोळ हुतोय. आल्या क्रमानं नंबर टाका. आन् एकदा टाकला की कवाच हलवू नका.’

जयराजने दुसऱ्या दिवशी तुम्हाला खुर्ची दिली. चाकाची होती म्हणून तुम्ही ती परत केलीत आणि लाकडी मागून घेतलीत. दोन बोटांनी टाईप करणारा माणूस कंपनीची सगळी मदतीची पानं सांभाळायला लागला.

तुमचे नियम मला आजही पाठ आहेत. प्रत्येक पानाला पुढचा मोकळा नंबर. नावात तारीख नाही. ‘नवीन’ हा शब्द तर नाहीच. सोनिया तुमच्या शेजारी बसायची, संगणकाचं शिकलेली, दोन मुलांची आई. तिने विचारलं, ‘का हो काका, नवीन पानाला नवीन म्हणायला काय हरकत आहे?’

‘आज नवीन हाय गं. फुडच्या वर्सी त्येला काय म्हणायचं? म्हातारं?’

नावात मोकळी जागा सोडायची नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पत्ता नेमका तिथेच तुटतो आणि समोरच्याला अर्धाच मिळतो. एका पानातून दुसऱ्या पानाची लिंक देताना पूर्ण पत्ता लिहायचा नाही, नुसतं नाव लिहायचं. म्हणजे सगळी पानं एका पेनड्राईव्हवर घालून नेट नसलेल्या वस्तीवर नेली तरी एकमेकांना सापडतात. आणि ‘येथे क्लिक करा’ असं कुणी लिहिलं की तुमचा पारा चढायचा. ‘इथं दाबा म्हंजे? दाबल्यावर जायाचं कुठं ते सांगा की. एसटीच्या पाटीवर नुसतं ‘चला’ लिवत्यात व्हय?’

या सगळ्याच्या वर तुमचं रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, हाताने आखलेलं. पानाचा नंबर, विषय, आणि शेवटचा रकाना सगळ्यात रुंद: ‘कुठं लावलंय’. मशीनवर क्यूआर कोडचे स्टिकर लावायचे ही कल्पनाही तुमचीच. मोबाईल धरला की नेमकं पान उघडतं आणि मोठ्याने वाचूनही दाखवतं. माण-खटावपासून जतपर्यंत मोटारसायकलवर फिरून तीनशे बारा स्टिकर तुम्ही स्वतः लावलेत आणि एकूण एक या रकान्यात लिहून ठेवलेत.

पहिला स्टिकर लागला हरणाबाईंच्या मशीनवर.

हरणाबाई आटपाडीच्या पुढे एका वस्तीवर राहतात. घर मूळचं मेंढपाळांचं. आता मेंढरं थोडी आणि गाई जास्त, आणि वस्तीवरचं दूध केंद्र त्यांच्या ओसरीत. वाचता बेताचंच येतं. मशीनला त्या तयारच नव्हत्या. ‘मेजर, ते अडलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?’ असं विचारलं त्यांनी. तुम्ही स्टिकर लावलात, वर जाड पारदर्शक पट्टी चिकटवलीत आणि सांगितलंत, ‘हितं मोबाईल धरायचा. सतरा नंबरचं पान उगडंल. मी असलो-नसलो तरी उगडंल.’

त्या शब्दावर हरणाबाईंनी मशीन घेतलं. त्यांच्या केंद्रावर दूध घालणारे तेवीस. दूध संघाचा नियम असा की वीसच्या खाली माणसं गेली तर दुधाची गाडी वस्तीकडे वळत नाही. गाडी वळली नाही की केंद्र संपलं. वाचणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता मी. चौतीस वर्षं विश्रामबागेतल्या कॉलेजात ग्रंथपाल होते. माहेर साताऱ्याचं, फटकळपणा तिथला. जयराज माझा जुना विद्यार्थी. पानांचं मराठी तपासून द्या म्हणाला. घरात बसून मी कुणाचं भलं करत नव्हते, म्हणून गेले. तुमचं मराठी तपासायची गरज फार पडली नाही. तुमची नावं मात्र मला सहन होईनात. सतरा नंबरच्या पानाचं नाव एम शून्य शून्य एक सात! हे काय नाव झालं?

‘नाथाजीराव, यावरून आत काय आहे ते कळतं का?’

‘न्हाई कळत.’

‘मग?’

‘आत काय हाय ते बदलतंय, बाई. आज नळी धुवायची रीत हाय, उद्या मशीन बदललं की दुसरी ईल. नंबरला त्येचं काय?’

‘विषयवार नावं द्या. स्वच्छतेची एका जागी, विजेची एका जागी. शोधायला सोपं.’

‘ते यादीत करा की. यादी रोज बदला, माझं काय बी म्हणणं न्हाई. फाईलच्या नावाला हात लावू नका.’

असं आमचं चार महिने चाललं. मला वाटायचं हा फौजेतला हट्ट आहे. काहीही बदलायचं नाही, कारण बदलायचं नाही.

जानेवारीत तुमच्या उसाला तोड आली आणि तुम्ही आठ दिवसांच्या रजेवर गेलात. दुसऱ्याच दिवशी मी जयराजकडे जाऊन बसले. तो बिचारा अजून माझ्यासमोर विद्यार्थीच असतो, हो म्हणाला. मी आणि सोनियाने दोनशे चौदा फायलींना नवी नावं दिली. एम-००१७ गेलं, रोमन अक्षरांत ‘स्वच्छता-नळी-तुंबणे’ आलं. सोनियाच्या सॉफ्टवेअरने पानांतल्या आतल्या सगळ्या लिंका आपोआप बदलून घेतल्या. आम्ही एकेक दाबून पाहिली, सगळ्या चालल्या. अगदी सुरुवातीला चाचणीसाठी घेतलेला इंटरनेटवरचा एक फुकटचा पत्ताही तसाच पडून होता, त्यावर जेमतेम वीस पानं. ‘ही अडगळ कशाला?’ म्हणून तोही मी पुसायला लावला. सोनिया म्हणाली, ‘मॅडम, काकांना एकदा फोन करू का?’ मी म्हटलं, ‘ते फडात आहेत, कशाला त्रास?’

काम झाल्यावर मी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. हे लिहिताना लाज वाटते, पण खाऊ घातली.

सोमवारी सकाळी सहापासून फोन. मशीनवरचे स्टिकर जुनी नावं सांगत होते आणि त्या नावाचं पान जगात कुठे नव्हतं. केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरलेल्या लिंकाही मेल्या. आतली दारं सगळी तपासली होती मी. बाहेरून कोण कुठल्या दाराने येतं ते तुमच्या लाल रजिस्टरात होतं आणि ते मी उघडलंही नव्हतं.

बहुतेक केंद्रांवर माहीतगार माणसं होती, त्यांनी कसंबसं भागवलं. हरणाबाईंचं मशीन नेमकं त्या सोमवारी अडलं. मशीनवर सातचा आकडा, म्हणजे नळी तुंबली. त्यांनी मोबाईल धरला. इंग्रजीत काहीतरी आलं. पुन्हा धरला, पुन्हा तेच. ओसरीत तेवीस किटल्या. गाडी सव्वासातला निघते आणि तपासल्याशिवाय दूध घेत नाही. सगळ्यांचं दूध घरी परत गेलं. मंगळवारी तेच. बुधवारी नऊ जण रस्त्यापलीकडच्या केंद्रावर गेले. राहिले चौदा.

तुम्ही बुधवारीच परत आलात, तोड अर्धी टाकून. मी तयारीत बसले होते, तुम्ही ओरडाल म्हणून. तुम्ही पाणी प्यायलात, रजिस्टर काढलंत आणि म्हणालात, ‘सोनिया, बस. बाई, तुमी नवी नावं वाचा. मी जुनी वाचतो.’

‘जुनीच नावं परत लावू ना,’ मी म्हटलं. ‘चूक माझी आहे, कबूल.’

‘आता न्हाई चालायचं. एवढ्या दिसांत नवी नावं बी कुणीतरी कुणाला धाडली असतील. दोनी नावं चालली पायजेत. जुन्यावर कोण आलं तर नव्यावर पोचवायचं.’

दोन दिवस आम्ही वाचत होतो. तुम्ही जुनं नाव, मी नवं, सोनिया लिहून घेत होती: या नावाने आलेल्याला त्या पानावर न्या. दोनशे चौदा ओळी. साधारण साठाव्या ओळीला माझा आवाज बसला, आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख झालं. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकावर दोन क्रमांक असतात. एक विषयाचा, तो बदलता येतो, पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवता येतं. दुसरा दाखल क्रमांक, पुस्तक आलं त्या दिवशी रजिस्टरात पडलेला. तो पुस्तक फाटलं, हरवलं, उंदरांनी खाल्लं तरी बदलत नाही. चौतीस वर्षं मी शिपायांना हेच बजावत आले. आणि तुमचा एम-००१७ हा दाखल क्रमांक आहे हे मला ओळखता आलं नाही! कारण तो लिहिणारा दारावरून आत आलेला होता. दुसरं काही कारण मला तरी सापडत नाही.

मी तसं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘एकसष्ट नंबर वाचा.’

शुक्रवारी संध्याकाळी स्टिकर जिवंत झाले. तीनशे बारांतले तीनशे अकरा.

हरणाबाईंचा स्टिकर पहिला, म्हणून तो त्या चाचणीच्या पत्त्यावरचा होता. तो पत्ताच मी पुसून टाकला होता आणि एकदा पुसला की ती सेवा तेच नाव परत देत नाही. तिथे ‘नव्या पानाकडे जा’ अशी पाटी लावायला भिंतच उरली नव्हती. उपाय एकच, जाऊन नवा स्टिकर लावायचा.

तुम्ही फोन लावलात, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

‘मेजर, तुमी म्हनला हुता उगडंल.’

‘म्हनलो हुतो.’

‘आवं, मेंढराच्या कानाला आमी खूण करतो ती काय दर पावसाळ्याला दुसरी करतो व्हय? कुणी पुसली ती?’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी रजिस्टराचं पान उलटलं. तुम्ही म्हणालात, ‘हापिसातनं झालं, हरणाबाई.’

‘हापिसाला तोंड हाय का न्हाई? चौदा ऱ्हायलीत माणसं. म्हयना संपला की गाडी बंद. न्या तुमचं मशीन.’

‘मशीन ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं अडलं की मला फोन लावा. मी पान वाचून दावतो.’

आणि तुम्ही वाचून दाखवलंत. मशीन अडो न अडो, सकाळी सहाला हरणाबाईंचा फोन यायचा, कारण आता त्यांचा मशीनवर विश्वास नव्हता. ‘कोमट पाणी घेतलं? तीनदा सोडा. आता निळी बाटली. घाई न्हाई करायची. आकडा गेला?’ सोनियाने एकदा गमतीने म्हटलं, ‘काका, तुम्हीच सतरा नंबरचं पान झालात की.’ तुम्ही म्हणालात, ‘पान झोपत न्हाई. मला झोप येती.’ महिना संपायच्या आत हरणाबाईंचे सात जण परत आले. झाले एकवीस. गाडी वळत राहिली.

स्टिकर तर लावायलाच हवा होता. मी म्हटलं, ‘नवा छापलाय, पोस्टाने पाठवून देऊ. त्यांची सून लावेल.’

‘पोस्टानं स्टिकर जाईल,’ तुम्ही म्हणालात. ‘तुमी कशा जाल?’

‘मी कशाला?’

‘मी दिल्याला शबूद हुता, बाई. मोडला तुमी. दोगं जाऊ. मी स्टिकर लावतो, तुमी तुमच्या तोंडानं सांगा त्यान्ला.’

मला राग आला. बहात्तर वर्षांच्या बाईला आटपाडीपर्यंत नेऊन कबुलीजबाब द्यायला लावणार! पण तुमचं बरोबर होतं, म्हणून मी म्हटलं, ‘येत्या गुरुवारी.’ स्टिकर माझ्याकडे ठेवून घेतला.

त्या गुरुवारी माझ्या मोतीबिंदूची तारीख निघाली. ती मी पुढे ढकलू शकले असते. पुढच्या वेळी तुमच्याकडे पाहुणे आले. मार्चात मी म्हटलं ऊन फार आहे. एप्रिलात तर होतंच. पावसाळ्यात तुमचे थोरले भाऊ मानसिंगराव पाठीने अंथरुणाला खिळले आणि सगळं रान तुमच्यावर आलं. तुम्ही नोकरी सोडलीत. जाताना रजिस्टर सोनियाच्या हातात दिलंत आणि मला म्हणालात, ‘गुरुवारचं बघा, बाई. मी कडेगावातनं येतो, तुमी एसटीत बसा.’ मी हो म्हटलं.

तुमचाही एक दोष लिहिते, नाहीतर हा सत्कार वाटेल. तुम्ही एकटे जाऊन तो स्टिकर एका दिवसात लावू शकला असता. लावला नाहीत. हरणाबाईंना वर्षभर फोन करायला लावलंत, उसाला पाणी पाजतानासुद्धा पान वाचून दाखवत राहिलात, आणि मला मात्र एका शब्दाने टोचलं नाहीत. याला हट्टच म्हणतात. मी कधी येते त्याची वाट बघत होता तुम्ही.

गेल्या महिन्यात कंपनीने जुनी मशीन बदलली. आटपाडीकडची सोनियाने केली. हरणाबाईंकडे नवं मशीन बसवलं, त्यावर नवा स्टिकर लावला, मोबाईल धरून पान उघडून दाखवलं, संध्याकाळी सातला परत. इतकं सोपं होतं.

मी विचारलं, ‘काही म्हणाल्या का?’

‘हो. चहा दिला. आधी विचारलं, मेजर न्हाई आलं व्हय? मग म्हणाल्या, आन् ती बाई?’

‘कोण बाई?’

‘मी पण तेच विचारलं. त्या म्हणाल्या, मेजर म्हनलं हुतं, एक बाई येनार हाईत, त्यांचं कायतरी सांगायचं ऱ्हायलंय.’

त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही रानात होता, मोटरचा आवाज येत होता. सोनिया जाऊन आल्याचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘मग बरं झालं की. आता स्टिकर लावायला जायाचं काय कारण ऱ्हायलं न्हाई.’ मी म्हटलं, ‘नाही.’ आणि मग आपण पावसाबद्दल बोललो.

तो स्टिकर अजून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. मागचा कागद काढलेला नाही.

संयोगिता